नमुना क्रमांक दोन

फ्रिजच्या दारात अंडी ठेवण्यासाठी ज्या खाचा असतात, त्यांतील सहा खाचांत पांढरी अंडी होती, सातवी खाच मोकळी सोडलेली होती आणि तिच्या पलीकडे तीन तपकिरी अंडी बसली होती. निमेशच्या हातातील दुधाची पिशवी तशीच अधांतरी राहिली. घटना म्हणावी तर ही एवढीच. पांढरी अंडी त्याने स्वतः पोल्ट्रीवरून आणलेली, वाहतुकीत टिचलेली, म्हणून सुपरवायझरच्या वाट्याला फुकट येणारी. तपकिरी अंडी आकाराने लहान, एकाच्या कवचाला वाळलेल्या शेणाचा ठिपका. परंतु निमेशला बोचली ती मधली मोकळी खाच. कुणीतरी विचारपूर्वक अंतर राखले होते. पंगतीत एखाद्याचा पाट चार बोटे मागे ओढावा, त्याप्रमाणे त्याची सहा अंडी बाजूला सारलेली होती.

"ही कुठून आली?" त्याने विचारले. जागृती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. पाचवा महिना लागल्यापासून ती एक हात कमरेवर ठेवूनच पोळ्या लाटत असे.

"हंसामावशीनं धाडली. केतन मंगळवारी बोईसरच्या बाजाराला येतो ना, जाताजाता देऊन गेला."

"या मंगळवारी?"

"दर मंगळवारी येतो की," ती सहज म्हणाली आणि पोळी उलटली.

दर मंगळवारी. हे दोन शब्द भाताच्या घासात खडा लागावा तसे निमेशच्या दाताखाली आले. मागील परसात जाऊन, मोरीजवळच्या निळ्या ड्रमातून तांब्याभर पाणी घेऊन त्याने तोंड धुतले, पुन्हा धुतले. मंगळवार हा त्याचा पोल्ट्रीवर मालाची गाडी भरण्याचा दिवस. पहाटे साडेपाचला पाम गावातल्या घरातून निघून तो मनोरच्या रस्त्यावरील त्या तीन लांबलचक शेडांत पोहोचत असे आणि अंधार पडल्यावरच परतत असे. त्या अवधीत चिंचणीहून एक स्कूटर येत होती. ती अंगणात थांबत होती. कदाचित तिच्यावरील माणूस पाणीही पीत असेल. या सर्व गोष्टी आठवड्यामागून आठवडे घडत होत्या आणि घराच्या भिंतींनी त्याला काही सांगितले नव्हते. केतन हा काही वाईट चालीचा माणूस नव्हता, हे निमेश पुरते जाणून होता. त्याला बायको होती, दोन मुले होती, आई होती, नारळाची लहानशी वाडी होती. जागृतीच्या मनात वावगे काही असेल असाही संशय निमेशने कधी घेतला नव्हता. तसा घेता आला असता तर एखादे वेळी बरेच झाले असते, कारण मग भांडण तरी करता आले असते. येथे भांडणासाठी काय होते? तीन अंडी.

सात वर्षांपूर्वी जागृतीला पहिले स्थळ आले ते केतनचेच. दोन्ही घरे चिंचणीतली, एका गल्लीतली. हंसामावशी म्हणजे केतनची आई. ती सुकी मासळी विकायची, तिच्या पाटीतली मूठभर सुकट जागृतीच्या घरी न मागता पडायची. बोलणे जवळजवळ ठरलेच होते. इतक्यात निमेशचे स्थळ आले आणि निमेश बोईसरच्या एका रसायनांच्या कंपनीत कायम होता. 'कायम' या शब्दावर जागृतीचे वडील विरघळले. निमेशने त्या वेळी स्वतःला विजयी मानले होते. अकरावीत शिक्षण सुटलेल्या माणसाला आयुष्यात विजयाचे प्रसंग फारसे येत नाहीत, त्यामुळे तो विजय त्याने नीट जपून ठेवला, सणासुदीला काढून पाहिला. पुढे चार वर्षांत कंपनीला टाळे लागले आणि 'कायम' हा शब्द पावसात भिजलेल्या पाटीवरील अक्षरांप्रमाणे ओघळून गेला. आता तो नऊ हजार कोंबड्यांचा सुपरवायझर होता. आणि केतन, ज्याच्याकडे दीडशे कोंबड्या मोकाट फिरत होत्या, त्याच्या अंड्यांसाठी बोईसरच्या वसाहतीतील बाया मंगळवारी आधीपासून उभ्या राहत.

जागृतीने आधीच उकडून ठेवलेले एक तपकिरी अंडे सोलून, दोन भाग करून, मीठ भुरभुरून बशीत ठेवले. निमेशसाठी तव्यावर पांढऱ्या अंड्यांचे ऑम्लेट होते. किती महिने हे असे चालले होते? त्याने कधी बशी पाहिलीच नव्हती. तो नेहमी आधी खाऊन निघून जाई. आज त्याची सुटी होती.

"माझी अंडी तुला चालत नाहीत काय?"

"असं कुठं बोलले मी?"

"मग?"

"त्या दिवशी डबा घेऊन आले होते शेडवर. तुमी टाकीत पिवळी पूड घोळत होता. मी विचारलं, एवढ्या सगळ्या आजारी हायत? तुमी काय बोललात?"

तो काय बोलला होता ते त्याला शब्दशः आठवत होते. 'आजारी दोन-चार असतील. देतात सगळ्यांना.' शेडमध्ये सर्दीची साथ शिरली की पाण्यातून औषध सोडावयाचे, हा शेठचा नियम. डॉक्टर येऊन सांगून जात की औषधाचे पाच दिवस आणि त्यापुढचे आठ दिवस अंडी बाजारात पाठवू नका, औषध अंड्यात उतरते. शेठ मान डोलवीत आणि डॉक्टरांची गाडी फाटकाबाहेर पडताच म्हणत, "नऊ हजार कोंबड्यांना मी सांगू काय, तेरा दिवस घालू नका म्हणून?" अंडी जात होती. पालघरला जात होती, बोईसरला जात होती, कुणाच्या भुर्जीच्या गाडीवर, कुणाच्या पोराच्या डब्यात जात होती. निमेशने त्यावर स्वतःपुरता एक तोडगा काढला होता. ज्या शेडला औषध चालू असेल, त्या शेडची अंडी तो घरी आणीत नसे. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. तिच्यात त्याचे प्रेम होते, आणि लाजही तितकीच होती, आणि ही दोन्ही एकमेकांना इतकी चिकटली होती की एक काढावयास जावे तर दुसरे सोबत येईल. म्हणून आताही तो 'तुझ्यासाठी मी निवडून आणतो' असे म्हणू शकला नाही. तसे म्हटले असते तर बाकीची कुणासाठी, हा प्रश्न आला असता.

"पालघरच्या डॉक्टरीणबाई बोलल्या, रोज एक अंडं खा," जागृती म्हणाली. "दोनदा पोटातलं गेलंय. आता मला भ्या वाटतं. राग नका मानू." आणि तिने अर्धे अंडे तोंडात घातले.

त्याच क्षणी तो वास आला. अगदी पुसट. उकडलेल्या अंड्याचा जो वास असतो त्याच्या पाठीमागे लपून उभा असलेला, मासळीसारखा. निमेशने बशीवर वाकून हुंगले.

"वास येतो याला."

"कोंबड्यांना जवळा घालतो केतन. यायचाच."

जवळा म्हणजे बारीक सुकी कोळंबी. चिंचणीत कोंबड्याच काय, मांजरेही तिच्यावर पोसली जातात. परंतु निमेश सरळ झाला, आणि त्याच्या छातीत काहीतरी उडी मारून उभे राहिले. हा वास जवळ्याचा नसेल तर? मासळीसारखा एक दुसराही वास असतो आणि तो त्याच्याइतका कुणाला ठाऊक आहे? चार वर्षे त्याने तो कपड्यांतून घरी आणला होता. कंपनीत जे ड्रम रिकामे होत, ते बाहेर नेण्यास सक्त मनाई होती. तरीही ते बाहेर जात, आणि अर्ध्या तालुक्याच्या अंगणात पाणी साठवीत उभे राहत. लग्नाच्या वर्षी असे पाच ड्रम निमेशच्या पदरात पडले होते. त्यांवरील लेबले त्याने वाळू आणि रॉकेल घेऊन दोन दुपारी घासून काढली. एक पामच्या घरी उतरवून उरलेले चार त्याने दिवाळसणाला टेंपोतून चिंचणीला नेले आणि सासऱ्यांच्या अंगणात, साऱ्या गल्लीदेखत, केतनला बोलावून दिले. 'तुझ्या वाडीत पाण्याची आबाळ असते ना? घे. कापून कोंबड्यांनाही ठेवता येतील.' देण्यात जो माज असतो तो त्याने त्या दिवशी पोटभर उपभोगला. केतनने दोन्ही हातांनी ड्रम धरून 'लय उपकार झाले' असे म्हटले होते, आणि जागृती दारात उभी राहून पाहत होती.

म्हणजे त्या कोंबड्या सात वर्षे त्या ड्रमांतले पाणी पीत होत्या. म्हणजे त्या अंड्यांत ते उतरत असेल. म्हणजे त्या अंड्यांना विष आहे! हे वाक्य त्याच्या मनात उमटले आणि त्यामागोमाग आली ती भीती नव्हती. आला तो आनंद. एक तपकिरी अंडे आणि एक पांढरे अंडे त्याने निरनिराळ्या रुमालांत बांधले. पांढरे कशासाठी घेतो आहोत, याचे उत्तर त्याने स्वतःला असे दिले की तुलना करावयास काहीतरी हवे. न्याय हवा. न्यायाने आपलाच विजय व्हावा, अशी इच्छा बाळगणाऱ्या मनुष्याला न्याय फार आवडतो.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यावर खासगी प्रयोगशाळा होती. नमुने स्वीकारण्याच्या खिडकीत बसणारी रिद्धी ही त्याच्या जुन्या कंपनीतील एका फिटरची मुलगी. तिने दोन्ही रुमाल उघडले आणि हसली.

"काका, दोनच? यात आमचं मशीन दात पण कोरणार नाही. एकेका नमुन्याला बारा लागतात."

"आधी हे लिहून तर घे. बाकीची आणून देतो."

तिने दोन छापील फॉर्म पुढे सरकवले. नमुना क्रमांक एक, पांढरे अंडे. 'कशासाठी तपासणी' या रकान्यात निमेशने पटकन औषधाचे नाव लिहिले, टेट्रासायक्लीन, स्पेलिंगसुद्धा अचूक, कारण पिवळ्या पुडीच्या पाकिटावर ते तो रोज वाचत असे. नमुना क्रमांक दोन. तपकिरी अंडे. तेथे त्याने लिहिले, 'विष'.

रिद्धीने फॉर्म उलटा करून पाहिला. "विष अशी टेस्ट नसते, काका."

"म्हणजे?"

"म्हणजे मशीनला विचारावं लागतं, अमुक आहे का? मग ते सांगतं, आहे किंवा नाही. नुसतं 'काय आहे सांग' म्हटलं तर ते गप्प बसतं. नाव द्या."

"पण एखाद्याला नाव ठाऊकच नसेल तर?"

"तर कुठून आलं असेल ते तरी ठाऊक असतं ना," रिद्धीने पुढच्या रकान्यावर बोट ठेवले. 'संभाव्य उगम.' "ते लिहा. त्यावरून आम्ही काढतो. आणि हे आहे कुणाचं? खातं कोण?"

निमेशने पेन हातात धरले. नाव त्याला ठाऊक होते. सात वर्षांपूर्वी वाळूने घासताना त्या नावातले एकेक अक्षर त्याने आपल्या बोटांनी मिटवले होते. शेवटचे अक्षर फार चिवट निघाले होते. ॲनिलीन. ते लिहावे तर पुढल्या रकान्यात उगम म्हणून निमेश असे लिहावे लागत होते. आणि खातं कोण? या साध्या प्रश्नापुढे त्याचा सकाळचा आनंद एकाएकी उभा राहिला, आणि निमेशने त्याला प्रथमच समोरून पाहिले. अंड्यांत विष निघावे अशी त्याची इच्छा होती. परंतु अंडी केतन खात नव्हता, जागृती खात होती. कित्येक महिने, दररोज एक. तिच्या पोटात जे निजले होते तेही खात होते. केतन खोटा ठरावा म्हणून आपण काय मागत होतो? मनुष्याचे मन असे कसे, की त्याने सारा हिशेब करावा आणि त्यातून नेमके आपलेच माणूस वगळावे! खिडकीबाहेरच्या गल्लीत कुणी हिंदीत ट्रक मागे घेण्याच्या आरोळ्या देत होते, 'आने दो, आने दो', आणि निमेशला उभ्या जागी घाम फुटला.

"काका, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

"नको. मी नाव घेऊन येतो," तो म्हणाला, आणि तपकिरी अंडे रुमालात गुंडाळून, अर्धवट भरलेला फॉर्म खिशात घालून निघाला.

चिंचणीच्या रस्त्याने जाताना त्याने मनात वाक्ये रचली. 'केतन, ते ड्रम फेकून दे.' हे वाक्य लहान होते, परंतु त्याच्या मागून दुसरे येणार होते, 'का?', आणि त्याचे उत्तर देताना साऱ्या गल्लीदेखत मिळवलेला तो दिवाळसण परत करावा लागणार होता. वाटेत दोनदा त्याने गाडीचा वेग कमी केला. एकदा तर थांबलाच. आपण न सांगताही जागृतीला ती अंडी खाऊ नको म्हणू शकतो, असा विचार आला. पण तिने त्याला मत्सरच म्हटले असते, आणि तिचे खरे असते.

हंसामावशी अंगणात बोंबील उलटीत बसली होती. तिने कपाळावर हात धरून पाहिले. "अगो बाय, जावय! पोर बरी हाय ना?"

"बरी आहे, मावशी."

केतन वाडीतून आला, बनियनवर, हातात कोयता. "काय जावयबापू! सुटीच्या दिशी इकडं? का आमच्या कोंबड्या मोजायला धाडलं शेठनं?"

निमेश हसला नाही. त्याची नजर वाडीभर फिरत होती. कोंबड्या नारळाच्या बुंध्यांशी उकरत होत्या. एका दगडी डोणीत पाणी होते आणि तिच्या काठावर लाल तुऱ्याचा एक कोंबडा उभा होता. निळे काहीच कुठे दिसत नव्हते.

"ते ड्रम," तो म्हणाला. "मी दिलेले. ते कुठे आहेत? त्यांतले पाणी कोंबड्यांना देऊ नकोस. त्यांत जे होते ते चांगले नव्हते. मला तेव्हाही ठाऊक होते. मी लेबले घासून दिली."

हे सर्व तो एका दमात बोलून गेला आणि मान खाली घालून उभा राहिला. केतनने आईकडे पाहिले. हंसामावशी बोंबील उलटायची थांबली, आणि मग तिला हसू आले.

"तुमी दिलेले पिंप? ते त्याच आठवड्यात भंगारवाल्याला दिले मी. भोकं पाडून दिले, परत कोन पानी भरायला नको."

"का?"

"वास येत व्हता."

"मासळीचाच ना? सगळे म्हणायचे मासळीचा."

"सगळे बोलतील. इथं सगळीकडं मासळीच सुकतेय, कोनाला काय कळनार? मी जलमभर मासळीत हाय, जावय. मासळीचा वास उन्हात उडतो, राखेनं जातो. ह्यो चार येळा घासला, तरी जाय नाय. मासळीचं सोंग घेतलेला वास व्हता तो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"कसं सांगायचं?" केतन कोयत्याच्या पात्याकडे पाहत म्हणाला. "तुमी हौसेनं आनलेले. आये बोलली, नवा जावय हाय, त्याचं मन मोडू नको. जागृतीला पन नाय सांगितलं. तिला वाईट वाटलं असतं."

निमेशच्या अंगातील ताण एकदम सुटला. अंड्यांत काही नव्हते. जवळा होता, जवळाच होता. तो पायरीवर बसून मावशीने दिलेले पाणी घटाघटा प्यायला. आणि तो पेला खाली ठेवीत असताना, सुटलेल्या त्या जागेत, जुना मत्सर पुन्हा हळूच येऊन बसला. ह्या माणसांनी सात वर्षे त्याचे मन जपले होते. त्याच्या माजाला त्यांनी उपकार म्हटले होते. ते चांगले होते. त्याच्यापेक्षा सहज, न सांगता, चांगले होते. केतन वाईट निघाला असता तर किती सोपे झाले असते!

"चार होते ना रे?" हंसामावशी केतनला विचारीत होती. "चार भोकं पाडता पाडता हात गेला माजा."

"चारच, आये."

निमेशने गाडीला किल्ली लावली. तारापूरच्या वळणापर्यंत तो जवळपास सुखात होता. मग कुठल्याशा कारखान्याच्या भिंतीपलीकडून वाऱ्याची एक झुळूक आली, आणि तिच्यात तो वास होता, मासळीचे सोंग घेतलेला, आणि त्याच्या मनाने कसल्याही घाईवाचून मोजले. चार. आणि एक पामला. सात वर्षांपूर्वी नवी नवरी जागृती परसात उभी राहून म्हणाली होती, 'या ड्रमाला मासळीचा वास येतो हो,' आणि तो हसून उत्तरला होता, 'तुझं माहेरच आलंय तुझ्यामागं.' ती लाजली होती. त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. नळाला एक दिवसाआड पाणी येते. एक दिवसाआड ती तो ड्रम काठोकाठ भरते. स्वयंपाकाला, प्यायला. निमेशने आज सकाळी त्याच पाण्याने दोनदा तोंड धुतले होते. सात वर्षे तो मनाने केतनच्याच मागावर राहिला नसता तर त्याला हे दिसले असते काय? कोण जाणे. पुढचा रस्ता त्याला पुढे कधीही आठवला नाही.

जागृती ओट्यापाशी उभी होती. पातेल्यात उरलेली दोन तपकिरी अंडी उकळत होती आणि पाण्याबरोबर पातेल्याच्या बुडावर हलकेच आपटत होती, टक, टक. घरात तो पुसट वास भरला होता.

"पाणी कुठले घेतलेस?" त्याने दारातूनच विचारले.

"कुठलं म्हंजे? ड्रमातलं. रोजचं."

त्याने जाऊन गॅस बंद केला. मग त्याने सांगितले. ड्रमाविषयी, वाळूविषयी, चार दुसरीकडे गेले आणि त्यांचे काय झाले त्याविषयी. पांढरी अंडी तो निवडून आणीत होता आणि बाकीची कुठे जात होती त्याविषयीही. सकाळच्या आनंदाविषयीही त्याने सांगितले. जागृती ओट्याला टेकून ऐकत होती. तिचा हात कमरेवरून पोटावर आला होता.

"पहिल्या वेळी," ती म्हणाली, "हेच पानी व्हतं?"

"हो."

"दुसऱ्या वेळी?"

"हो. त्यामुळेच गेले असे मी म्हणत नाही, जागृती. ते कुणाला..."

"मी पन नाय बोलत. मी फक्त विचारलं."

ती परसात गेली. त्याच्या मागे येण्याची वाट न पाहता तिने दोन्ही हातांनी ड्रमाचा काठ धरला, आणि तो धावला, आणि त्या दोघांनी मिळून तो भरलेला ड्रम कलता केला. थोडे पाणी तिने आधी एका बाटलीत काढून घेतले होते. ते त्याच्या ध्यानातही आले नव्हते. बाकीचे परसभर पसरले, अळूच्या खाली गेले, मोरीतून वाहिले. बाटलीचे बूच घट्ट लावून तिने ती त्याच्यासमोर ठेवली.

"तो कागद काढा," ती म्हणाली.

खिशात फॉर्म चुरगळला होता. नमुना क्रमांक दोन. त्याने 'अंडे' हा शब्द खोडला आणि 'पाणी' असे लिहिले. 'विष' खोडले. त्या जागी अक्षर अक्षर जोडून ते नाव लिहिले, आणि शेवटचे अक्षर पुन्हा चिवट निघाले. पुढच्या, 'संभाव्य उगम' या रकान्यापाशी पेन थांबले तेव्हा जागृती त्याच्या खांद्यावरून वाचत होती.

"लिवा," ती म्हणाली. "पुरं नाव लिवा. मंगळवारी केतनकडं देते मी, तो नेऊन देईल."

निमेशने पुरे नाव लिहिले.